शेजारच्या भूभागाला मान्यता नाही

सरांच्या घरात खोली भाड्यानं हवी असेल तर आधी मुलाखत द्यावी लागायची. आईवडील काय करतात, जात कोणती, अंडी खाता का, रात्री किती वाजता येता, हे पुंडलिकनगरातले ठरलेले प्रश्न ते विचारत नसत. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"बास्केटबॉलची पहिली जागतिक स्पर्धा कोणत्या देशात झाली?"

माझ्या आधी आलेल्या एका इंजिनिअर मुलीनं ठणकावून "अमेरिका" असं सांगितलं होतं. तिला खोली मिळाली नाही. मी वेरूळकडच्या एका गावातून आलेली, बी.एस्सी. झालेली, शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नुकतीच लागलेली. आमच्या घराण्यात पदवी घेऊन आलेलं पहिलं माणूस मी. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायची, आताही सांगते. कुणाला गर्व वाटला तर वाटू दे. पण बास्केटबॉल मी टीव्हीवरसुद्धा धड बघितला नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण एकदा सांगितलं की विसरत नाय."

"अर्जेंटिना. आणि जिंकलं कोण?"

"घरचेच जिंकले असतील. यजमान स्वतःच्या मांडवात कशाला हरंल?"

सरांनी माझ्याकडं बघितलं आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, चहा टाक. पोरगी पात्रता फेरीतून पुढं आली."

उत्तर बरोबर होतं, कारण अर्जेंटिनात खरोखर अर्जेंटिनाच जिंकलं होतं. पण कारण चूक होतं, आणि ते सर पुढं मला वर्षानुवर्षं ऐकवत राहिले. "यजमान हरत नाही म्हणे! दोन हजार दोन साली अमेरिका स्वतःच्या मांडवात हरली. पहिल्या पाचातसुद्धा नव्हती. मांडवावर जाऊ नको पोरी, खेळावर जा."

सर एका शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले होते. स्वतः ते जिल्ह्याबाहेर कधी खेळायला गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण या एका जागतिक स्पर्धेचा इतिहास त्यांना असा पाठ होता, जसा आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना भाऊबंदकीचा असतो. कोण कुणाशी कुठं भिडलं, कुणी कुणाला पाण्यात बघितलं, कोण रुसून बसलं, सगळं. आता गंमत अशी, की आपला भारत या स्पर्धेत आजवर एकदाही उतरलेला नाही. म्हणजे ज्या लग्नाची पत्रिका आपल्या दारात कधी आलीच नाही, त्या लग्नातल्या प्रत्येक पंगतीत वाढलं काय होतं, ते सर सांगणार. मी एकदा तोंडावर म्हणालेही तसं.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "जेवायला बसलेल्याला फक्त स्वतःचं ताट दिसतं. सगळी पंगत बाहेर उभा असतो त्याला दिसते."

 

घरसुद्धा स्पर्धेच्या नियमांवर चालायचं. आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे इथल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. पाणी आलं की वरच्या तीन खोल्यांतल्या भाडेकरणींचे सर गट पाडायचे. जिची बादली आधी भरली ती पुढच्या फेरीत. जी झोपून राहिली ती बाद? नाही. सरांच्या मते या स्पर्धेचा मोठेपणा इथंच होता. तिथं हरलेले संघ लगेच घरी जात नसत. ते नववा कोण, दहावा कोण, तेरावा कोण, यासाठी आपसात खेळत राहायचे. म्हणून उशिरा उठलेल्या आम्ही दोघी तळाला उरलेल्या गढूळ पाण्यासाठी शेवटच्या क्रमांकाची लढत द्यायचो आणि सर जिन्यात उभं राहून गंभीरपणे शिट्टी वाजवायचे. शेवटचा नंबर आलेलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "तेरावं येणं आणि न येणं यात लई फरक असतो."

काकू, म्हणजे सरांच्या बायको, हे सगळं बघून कपाळाला हात लावायच्या. त्यांची स्वतःची बादली मात्र स्पर्धेआधीच भरलेली असायची.

आता शेजारचं सांगते, कारण त्याशिवाय सर कळायचे नाहीत.

सरांच्या घराला भिंत लागून दुसरं घर होतं. तिथं एक निवृत्त मास्तर राहायचे. तरुणपणी ते बास्केटबॉलचे पंच होते, म्हणून अख्खी कॉलनी त्यांना पंचकाका म्हणायची. फक्त सर म्हणत नसत. सर त्यांना काहीच म्हणत नसत. त्यांच्या लेखी त्या घराचं नाव होतं "शेजारचा भूभाग".

"शेजारच्या भूभागातून कढीपत्त्याची फांदी आपल्या हद्दीत आली आहे. छाटा."

"शेजारच्या भूभागात रेडिओ मोठ्यानं लागलाय. निषेध नोंदवा."

गणपतीत पंचकाकांकडून मोदकांचं ताट आलं की सर दारातूनच सांगायचे, "परत पाठवा. त्या भूभागाला आपली मान्यता नाही." ताट परत जायचं. दहा मिनिटांनी मागच्या अंगणातून, भिंतीवरून, तेच मोदक डब्यात बसून काकूंच्या हातात यायचे. दुपारी सर त्यातले चार खायचे. कुठून आले, हे विचारायचे नाहीत. एकदा मी विचारलंच.

"राजकीय संबंध नसले तरी खालच्या पातळीवर व्यापार चालूच असतो," सर म्हणाले आणि पाचवा उचलला.

आणि याच माणसाची सगळ्यात आवडती गोष्ट कोणती? तर चिलीची. भाजी आणायला निघालो तरी चिली, कुणाचं लग्न मोडलं तरी चिली, वीज गेली की हमखास चिली, कारण ती स्पर्धा उघड्यावर झाली होती. बंदिस्त स्टेडियम वेळेत बांधून झालं नाही, म्हणून फुटबॉलच्या मैदानावर बास्केटबॉल खेळवला. "म्हणजे ठेकेदार तिथंही आपलेच," असं म्हणून सर सुरुवात करायचे.

"एकोणसाठ साल. सोव्हिएत संघ म्हणजे नुसते पहाड. अमेरिकेला धुऊन काढलं. मैदानावर एक सामना हरले नाहीत. राहिला कोण? तैवान. एवढंसं बेट. त्यांना हरवायला यांना घाम आला नसता. पण वरून हुकूम, की त्या देशाला आपली मान्यता नाही, त्याच्यासमोर उभं राहायचं नाही. नाय राहिले. चषक कुणाला गेला?"

"ब्राझीलला," आम्ही तिघी भाडेकरणी एका सुरात.

"ब्राझीलला!" सर मांडीवर थाप मारायचे. "मैदानावर ज्यांना कुणी हरवलं नाही, ते न खेळता हरले. काय म्हणावं असल्या शहाण्यांना?"

आणि त्याच दमात, "अगं, शेजारच्या भूभागाची मांजर आपल्या दुधाकडं बघतीय."

मला वाटायचं, या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही की काय. शेवटी मी भिंतीपलीकडं विचारायचं ठरवलं. पंचकाका कढीपत्त्याला पाणी घालत होते. शांत माणूस, पण नियमाच्या बाहेर श्वाससुद्धा घेणार नाही असा. शेजारी राहून दोघांचं काय बिनसलं, असं विचारलं तर म्हणाले, "शेजारी राहून नाही बिनसलं. बिनसल्यावर शेजारी आलो."

मग त्यांनी सांगितलं. खूप वर्षांपूर्वीचा शाळाशाळांमधला अंतिम सामना. सरांचा संघ सगळे सामने जिंकत आलेला, या सामन्यातही पुढं. पंच हे. सरांच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचा यांनी पाचवा फाऊल दिला. पाच झाले की खेळाडू बाहेर. आणि त्या काळी पद्धत अशी, की ज्याचा फाऊल असेल त्यानं हात वर करून तो कबूल करायचा.

"पोरगा हात वर करतच होता," पंचकाका म्हणाले. "सर बाकावरून ओरडले, हात वर करायचा नाय! फाऊल नव्हताच! मी म्हणालो, हात वर झाल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही. तर सरांनी सगळा संघ मैदानाबाहेर काढला. पुढं असलेला संघ, बाई! चषक दुसऱ्यांना गेला. नंतर शिक्षकांच्या सोसायटीत प्लॉटच्या चिठ्ठ्या निघाल्या, आणि आमच्या दोघांच्या नशिबी एक भिंत आली."

"पण फाऊल होता का खरंच?"

पंचकाकांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. "होता," ते म्हणाले.

त्यानंतर चिलीची गोष्ट सुरू झाली की मी सरांच्या तोंडाकडं बघायचं सोडून पंख्याकडं बघायला लागले.

दोन्ही घरांच्या मागं कॉलनीची मोकळी जागा होती. तिथं सरांनी स्वतः उभा राहून रोवून घेतलेला लोखंडी खांब, त्यावर फळी, त्यावर रिंग. रोज संध्याकाळी कॉलनीतल्या शाळकरी पोरी तिथं यायच्या आणि सर त्यांना शिकवायचे. या पोरींना दुसरं मैदान नव्हतं. बाकीची मैदानं क्रिकेटवाल्या पोरांनी अडवलेली, तिथं पोरींनी पाय ठेवला तरी टवाळी. सरांची सगळी पेन्शनीतली वर्षं त्या एका खांबाभोवती फिरत होती. आमच्या गावात पोरींनी शाळेनंतर पळायचं ते फक्त बकरीमागं, म्हणून मला त्या पोरींचा थोडा हेवाही वाटायचा.

त्या जागेवर भाऊंची नजर गेली. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डातले होऊ घातलेले नगरसेवक. त्यांचा वाढदिवस वर्षातून किती वेळा यायचा देव जाणे, फ्लेक्स मात्र कधी उतरायचा नाही. त्यांनी जाहीर केलं, की इथं भव्य सांस्कृतिक सभागृह होणार. बारशापासून तेराव्यापर्यंत कॉलनीची सोय. अर्ध्या कॉलनीला ते पटलं, कारण प्रत्येकाच्या घरात एक तरी लग्नाचं होतं. उरलेल्या अर्ध्या कॉलनीच्या पोरी खेळत होत्या. तेव्हा महापालिकेचा माणूस रविवारी सकाळी येणार आणि प्लॉटधारकांनी त्याच्यासमोर हात वर करून काय ते ठरवायचं, असं झालं. एका प्लॉटला एक हात. भाडेकरूला हात नाही. मी पदवीधर, आयकर भरणारी, आणि मला हात नाही! पण ते भांडण वेगळं.

आम्ही घरोघर फिरून अंदाज घेतला. सर सोडले तर अगदी बरोबरीचं होतं, आणि बरोबरी झाली तर सभागृह होणार होतं. सरांचा हात आला तर मैदान राहणार, नाही आला तर जाणार. पंचकाका मैदानाच्या बाजूचे असूनही त्यांचा हात मोजायचा नव्हता, कारण सोसायटीचे अध्यक्ष म्हणून सभा तेच घेणार होते. "शिट्टी ज्याच्या तोंडात, त्यानं बास्केट टाकायची नसते," ते म्हणाले. कितीही समजावलं तरी ऐकेनात. आणि अध्यक्षस्थानी ते आहेत हे कळताच इकडं सर म्हणाले, "मग मी येणार नाही."

"सर, मैदान जाईल."

"जाऊ दे. त्याच्यासमोर जाऊन हात वर करायचा? मी? अख्ख्या कॉलनीदेखत?"

काकूंनी विचारलं, "मग मी जाऊन करू का हात वर?" पण प्लॉट सरांच्या नावावर. दोन दिवस काकूंनी घरात मुद्दाम नुसतं पिठलं केलं. भिंतीवरचा व्यापारसुद्धा बंद ठेवला. सर हलले नाहीत.

रविवार आला. पोरींनी पहाटेच चुन्याची फक्की मारून मैदानाच्या रेषा ताज्या केल्या होत्या. भाऊंनी पाठीवर स्वतःचं नाव असलेल्या खुर्च्या पाठवल्या होत्या, आणि त्यांवर बसायला माणसंही पाठवली होती. ती माणसं कोणत्या वॉर्डातली ते त्यांनाच ठाऊक. पंचकाका आले, गळ्यात जुनी शिट्टी. गर्दीवर एक नजर टाकून त्यांनी सांगितलं, "ज्यांना मत द्यायचंय त्या प्लॉटधारकांनीच रेषेच्या आत यायचं. रेषेबाहेरचा हात मी मोजणार नाही." भाऊंच्या खुर्च्या एका फटक्यात रेषेबाहेर गेल्या. आम्ही खूश.

मग आत आलेली डोकी बघितली. ज्याला भ्यायलो होतो तेच. एक कमी.

"करा सुरू, काका," भाऊ म्हणाले. "किस का इंतजार है?"

पंचकाकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "संघ वेळेवर मैदानात आला नाही तर पंधरा मिनिटं थांबायचं असतं. मग समोरच्याला पुढे चाल."

"अहो, ही सभा आहे, मॅच नाय!"

"रेषा आखलेल्या आहेत," पंचकाका म्हणाले आणि घड्याळाकडं बघत उभे राहिले.

मी पळत घरी आले. सर गॅलरीत खुर्चीवर पाठ करून बसलेले. अंगात ट्रॅकसूट. पायात खेळाचे बूट, आणि लेस घट्ट बांधलेल्या.

"सर, चला. थांबलेत तुमच्यासाठी."

"कोण थांबलंय?"

"शेजारचा भूभाग."

"आपला त्यांच्याशी संबंध नाही."

आता मला राग आला. राग आला की मी गावाकडचं बोलते. "सर, एकोणसाठ साली चषक कुणाला गेला व्हो?"

सरांनी बुटाची लेस सोडली आणि पुन्हा बांधली.

"सांगा की. रोज तर आमच्याकडून वदवून घेता."

"ब्राझीलला," सर हळू म्हणाले.

"मंग आपला भाऊला जाईल. त्या पोरींनी उद्यापासून कुठं खेळायचं, ते तुम्हीच खाली येऊन सांगा त्यांना. मी नाय सांगणार."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. "ह्यांना चिली कळतं," त्या म्हणाल्या. "पुंडलिकनगर कळत नाही."

सर उठले. मला वाटलं, जिंकलो. पण जिन्यात येऊन ते खाली जायच्या ऐवजी वर गेले. गच्चीवर! मी परत मैदानाकडं पळाले. गच्चीच्या कठड्याला पोट टेकवून, मागच्या मैदानाकडं तोंड करून त्यांनी हात वर केला आणि शाळेच्या कवायतीतल्या आवाजात ओरडले, "मैदान राहिलं पाहिजे! हा माझा हात! मोजा!"

सगळ्या माना वर. पोरींनी टाळ्या वाजवल्या. भाऊ हसत सुटले. "आता गच्चीवरून मत! उद्या पुण्याहून जावई फोनवर हात वर करतील!"

पंचकाकांनी वर बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांची नजरानजर होत असावी. मी मनात म्हणलं, पंचकाका, मोजा हो हा हात. आपल्याच बाजूचा आहे.

शिट्टी वाजली. "रेषेबाहेर," पंचकाका म्हणाले.

आमच्या बाजूनं एकच ओरडा. "अहो, आपलाच माणूस आहे!"

"शिट्टीला आपलं-परकं नसतं. चार मिनिटं उरलीत."

सरांचा हात तसाच वर. तोंड लालबुंद. मैदानात खांबाजवळ पोरी एका रांगेत उभ्या राहून वर बघत होत्या.  मग काकूंचा आवाज आला, गॅलरीतून, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असा. "उतरा खाली! पोरी बघतायत!"

हात खाली आला. सर कठड्यावरून दिसेनासे झाले. जिन्यातून बुटांचा आवाज यायला लागला, आणि तो काही म्हाताऱ्या माणसाच्या पायांचा आवाज नव्हता.

सर रेषेपर्यंत आले आणि थांबले. बुटाची टोकं फक्कीच्या अलीकडं. समोर पंचकाका. मधे फक्त तो चुन्याचा पट्टा.

"फाऊल नव्हता," सर म्हणाले.

"होता," पंचकाका म्हणाले.

"चेंडूला हात लागला होता."

"मनगटाला."

"कसला फाऊल?" भाऊ इकडंतिकडं बघायला लागले. "कुणी सांगणार का मला?" महापालिकेचा माणूसही बुचकळ्यात. 

"वेळ संपत आली, सर," पंचकाका म्हणाले. "हात?"

सरांनी एकदा खांबाकडं बघितलं. मग उजवा पाय उचलून रेषेच्या आत ठेवला, मग डावा. आणि हात वर केला. गच्चीवर केला होता तसा नाही. हळू, सरळ, कोपरात न वाकवता, नियमाच्या पुस्तकात चित्र असावं तसा. मग मैदानाच्या बाजूचे बाकीचे हातही वर झाले. ते पंचकाकांनी भराभर मोजले. या हातापाशी मात्र ते बराच वेळ थांबले.  तरी सरांनी तो खाली घेतला नाही.

मग शिट्टी वाजली. मैदान एका हातानं राहिलं. भाऊंच्या खुर्च्या टेम्पोत चढेपर्यंत पोरींनी खेळ सुरूही केला होता.

घरी येताना सरांनी मला बजावलं, "तो हात मैदानासाठी होता. फाऊलसाठी नव्हता. कुणी विचारलं तर सांग." तिकडं पंचकाका संध्याकाळपर्यंत भेटेल त्याला सांगत होते, की नियमाप्रमाणे हात वर झाला, खेळ पुन्हा सुरू झाला, आता त्यांची काही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी रिंगला नवी जाळी बांधायची होती. शिडी शेजारी. नेहमीसारख्या काकू मागच्या अंगणाकडं निघाल्या, तर सर म्हणाले, "थांब." स्वतः भिंतीपाशी गेले. खाकरले. पलीकडं पंचकाका पेपर वाचत बसले होते. मी गॅलरीत दात घासत होते, ती घासतच राहिले.

"शिडी पाहिजे," सर म्हणाले.

पेपर खाली आला नाही. "कुणाकडून? इकडं तर देशच नाही म्हणे."

सरांनी भिंतीवरून डोकावणारी कढीपत्त्याची फांदी बाजूला सारली. मग म्हणाले, "मान्यता मागू नका. शिडी द्या."

पेपर खाली आला. थोड्या वेळानं भिंतीवर शिडीचं एक टोक दिसलं. सरांनी ते धरलं, पण शिडी होती लांब, पुरी अलीकडं ओढली तर आमच्या चिंचोळ्या बोळात वळली नसती. म्हणून दोघं भिंतीच्या दोन बाजूंनी, वर आडवी शिडी धरून, मैदानाकडं चालायला लागले. अलीकडून फक्त सर दिसत होते. पलीकडून नुसता आवाज येत होता.

"मनगटाला लागला होता."

"चेंडूला," सर म्हणाले. "आणि जरा वर धरा. तुमच्या बाजूनं कलतीय."